मापाडी, शिपाई आणि ऐंशी मीटर

आमच्या धावण्याच्या ग्रुपमधला एक मुलगा जून २०२४ च्या पोलीस भरतीनंतर यायचा बंद झाला आणि चौदा महिन्यांनी परत आला. तो का येत नाही, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की त्याला जाऊन विचारायची कुणाला गरजच वाटली नाही, आणि तिथंच आम्ही फसलो. हे प्रकरण त्याच्या आणि बाकीच्यांच्या संमतीनं लिहितो आहे. नावं गाळली आहेत, गावाचंही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातलं धानाचं गाव, एवढं पुरे.

मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. ग्रुपमध्ये माझा मान वयाचा, वेगाचा नाही.

भरतीवाले आणि शुगर बॅच

ग्रुप कुणी काढला, असं काही घडलं नाही. २०२२ च्या दिवाळीनंतर भरतीची हवा सुरू झाली आणि सहा-सात पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागली. पूर्व विदर्भात कुठल्याही गावावरून पहाटे पाचच्या आत गाडी न्या, रस्त्याच्या कडेला अशी पोरं दिसणारच. घरी धानाच्या दोन-तीन एकर बांध्या, वर्षाचं एक पीक, आणि बारावीवर मिळणारी पक्की नोकरी म्हणजे पोलीस शिपाई. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटर धावण्याचे, मुलींना ८०० मीटरचे. बाकी शंभर मीटर आणि गोळाफेक, प्रत्येकी पंधरा. पूर्ण वीस हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवायचे, मुलींनी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत. त्यापुढं टप्प्याटप्प्यानं गुण कापत जातात. पन्नासपैकी पंचवीस पडले की माणूस पात्र, पण पात्र होऊन भागत नाही. एका जागेमागे दहा जणांनाच लेखीला बोलावतात. त्यामुळं या पोरांच्या तोंडी सेकंद आणि मेरिट सोडून तिसरा शब्द नसतो.

त्याच हिवाळ्यात माझी शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. एकट्यानं पहाटे बाहेर पडायची आमच्याकडं सोय नाही. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो, मोह वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून मी भरतीवाल्यांच्या मागं मागं चालायला लागलो. माझ्यामागं एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आले, त्यांना सारं गाव काकाजी म्हणतं. मग चौकातला पानठेलेवाला भाऊ आला. मग अंगणवाडीच्या ताई आल्या, त्यांनाही शुगर. पोरांनी आमचं नाव ठेवलं शुगर बॅच. आम्ही रागावलो नाही, नाव खरंच होतं.

शुगर बॅचनं ग्रुपला काय दिलं, हे तेव्हा कुणी मोजलं नाही. ताई यायला लागल्या म्हणून दोन मुलींना घरून परवानगी मिळाली. 'ताई आहेत ना, मंग जा,' एवढंच त्यांच्या आया म्हणाल्या. त्या दोघींतल्या एकीला मी इथं आठशेवाली म्हणणार आहे. आम्ही ताशी पाच-सहा किलोमीटरनं, बोलता येईल इतक्याच वेगानं, कधी चालत कधी हळू धावत जायचो. पोरं आमच्या पुढं जाऊन परत फिरायची, पुन्हा पुढं जायची. त्यामुळं रस्त्यावर सतत माणसांचा आवाज राहायचा. वाघासाठी तेच हवं असतं.

काकाजी जुन्या गुरुदेव सेवा मंडळातले. त्यांच्या लहानपणी गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची. कोणी आलं नाही तरी वेळ झाली की सुरू करायची, असा तिथला दंडक. पहाटेच्या धावण्यालाही त्यांनी तोच दंडक लावला. पावसात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पहाटे, साडेचारला ते पानठेल्यासमोर उभे. पोरांना सोडताना 'डबल' म्हणायचे. एसटीत घंटी दोनदा वाजली की गाडी निघते, तसं.

उठवायची पद्धत मिस्ड कॉलची. काकाजी पानठेलेवाल्या भाऊंना मिस्ड कॉल द्यायचे, भाऊ पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. ज्याला कॉल आला त्यानं तो कापायचा. कापला म्हणजे उठला. नुसती रिंग वाजत राहिली तर माणूस झोपलेला, मग देणाऱ्यानं त्याच्या पुढच्यालाही एक कॉल द्यायचा, म्हणजे साखळी तुटत नाही. पानठेल्याच्या फळीच्या आतल्या बाजूला खडूनं नावांची यादी लिहिली होती. हे तपशील कंटाळवाणे वाटतील, पण पुढं ते लागणार आहेत.

मापाडी

रस्त्यावर १६०० मीटर मोजायचे कसे? आमच्या तालुक्यात जवळपास सिंथेटिक ट्रॅक नाही, चारशे मीटरचं मातीचं मैदानही गावात नाही. एका पोरानं मोटारसायकल काढली, चौकातल्या पुलापासून निघाला, मीटरचा काटा १.६ पुढं सरकला तिथं थांबला आणि बाभळीच्या झाडाला चुन्यानं पट्टा मारला. त्याच्या मध्यावर एक पट्टा मुलींसाठी. तेव्हापासून वेळ लावायचं काम त्याचंच. मोबाईलचं स्टॉपवॉच, खिशातली वही, वहीत तारीखवार सेकंद. पोरं त्याला मापाडी म्हणायला लागली, धान मोजणारा मापाडी असतो तसा. स्वतःही चांगला धावायचा, ग्रुपमध्ये दुसरा. पहिला होता त्याचा शेजारी, अंगणाला अंगण लागलेला, पहिलीपासूनचा सोबती. तो पुढं भरती झाला, म्हणून त्याला शिपाई म्हणू.

मार्च २०२४ मध्ये फॉर्म सुटले. राज्यभरात १७,४७१ पदं. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, अर्ज करता येतो. बाहेरच्या वाचकाला हा नियम साधा वाटेल. गावातल्या मैत्रीवर त्याचा भार केवढा पडतो, हे भरतीवाल्यालाच कळतं. दोघांची जात-प्रवर्ग एक, उंची जवळपास सारखी, सेकंद जवळपास सारखे. एकाच जिल्ह्यात भरलं तर एकाच रांगेत दोघं एकमेकांच्या पुढं-मागं. म्हणून दोघांनी ठरवलं, शिपायानं चंद्रपूर भरायचं, मापाड्यानं नागपूर ग्रामीण. हे सगळ्या ग्रुपला माहीत होतं. मोहाच्या झाडाखाली बसून ठरलं, आम्ही तिथंच होतो.

मापाड्यानं शेवटच्या आठवड्यात चंद्रपूरच भरलं. कुणीतरी सांगितलं म्हणे, यंदा चंद्रपूरचं मेरिट खाली येईल. ग्रुपला हे कळलं थेट जूनमध्ये, ग्राउंडच्या वेळी.

१९ जूनला राज्यभर मैदानी चाचण्या सुरू झाल्या, ऐन पावसाच्या तोंडावर. आमच्या पोरांचे दिवस आले तेव्हा मैदान ओलं होतं. सगळ्यांचीच वेळ घसरली. मापाडी इथं ५ मिनिटं ६ सेकंद काढायचा, तिथं ५:२२ निघाले. शिपायाचे ४:५८ चे ५:१४ झाले. आठशेवाली २:५७ वरून ३:०६ वर गेली. परत येताना गाडीत सगळे चिखलाला शिव्या देत होते. शिपाई गोळा आणि शंभर मीटरवर सावरला, लेखीत चांगले गुण घेतले, निवड यादीत लागला. मापाडी मैदानातच मेरिटच्या खाली राहिला. आठशेवाली लेखीच्या यादीतून एका गुणानं बाहेर.

त्यानंतर मापाडी आला नाही.

आमचा निकाल तयार होता: मित्राला फसवून फॉर्म भरला, वर स्वतः पडला, आता कोणत्या तोंडानं येणार? आम्ही चांगुलपणाही केला, असं आम्हाला वाटत होतं. तो किराणा दुकानात भेटला तर भरतीचा विषय कुणी काढायचं नाही, फॉर्मचा तर नाहीच. माणूस आधीच शरमलेला आहे, उगाच कशाला. पोरांनी एक वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, जुन्यातले सगळे घेतले, तो सोडून. मलाही त्यात घेतलं. मी काही बोललो नाही. शाळेत पोरं एखाद्याला खेळात घेत नाहीत तेव्हा मी अर्धा तास प्रवचन देतो, हे इथं नमूद करून ठेवतो.

रिकामे महिने

रोवणी सुरू झाली आणि भरतीवाले आपोआप पांगले. एक पुण्याला कंपनीत गेला, एक नागपुरात अकॅडमीत, शिपाई प्रशिक्षणाला. भरतीच्या ग्रुपांचं असंच असतं. भरती संपली की ग्रुप संपतो, पुढची जाहिरात आली की नवी पोरं नवा ग्रुप करतात, आधीच्यांनी काय शिकलं ते त्यांना सांगायला कोणी नसतं. आमचाही संपायचाच. राहिली शुगर बॅच, म्हणजे आम्ही चार, आणि आठशेवाली. तिला पुढच्या वेळी परत उतरायचं होतं.

हिवाळाभर आम्ही पाच जण. कधी तीन. मे महिन्यात, जेव्हा ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत अनेकदा येतं आणि पहाटेही भिंती गरम लागतात, तेव्हा कधी कधी काकाजी आणि मी दोघंच. काकाजी एकट्या माझ्यासाठी 'डबल' म्हणायचे. मी लाजेनं धावायचो. माझी शुगर त्या वर्षी आटोक्यात आली त्याचं श्रेय गोळ्यांना किती आणि त्या लाजेला किती, मला सांगता येणार नाही.

ऑगस्ट २०२५

७ ऑगस्टला सकाळी बातमी आली. गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटली गावाजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकनं उडवलं. चौघं गेली. शाळकरी वयाची पोरं. काटली आमच्यापासून लांब नाही, त्या रस्त्यानं आमची माणसं नेहमी जातात. त्या दिवशी शाळेत हजेरी घेताना माझा आवाज नीट निघत नव्हता.

पाच दिवसांनी, १२ ऑगस्टला, मंत्रिमंडळानं सुमारे १५,००० पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. एकाच आठवड्यात या दोन बातम्या. गावात पुन्हा दहा-बारा पोरं पळायला तयार झाली आणि घराघरांतून आयांनी दारं अडवली. दोघांचंही बरोबर होतं. ताईंनी तर स्पष्टच सांगितलं, 'डांबरी रोडवर मी आता कोनाची पोरगी नेणार नाही.'

मी त्या आठवड्यात रस्त्याकडं नव्यानं पाहिलं. आम्ही तीन वर्षं रस्त्याच्या डाव्या कडेनं, म्हणजे ट्रककडं पाठ करून धावत होतो. गडद टी-शर्ट, कानात इअरफोन. उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही सुचलं नव्हतं. नंबरप्लेट करणाऱ्याकडून रेडियमची पट्टी आणून पाठीवर चिकटवायला फारसा खर्च येत नाही. तीही आम्ही लावली नव्हती. आता लावली आहे, पण खरा उपाय रस्ता सोडणं हाच होता.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघाला आणि मामा तलावाच्या पाळीचं, म्हणजे बांधाचं, नाव पुढं आलं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. आमच्या पूर्व विदर्भात असे तलाव गावोगावी आहेत, जुने, बरेचसे कोहळी लोकांनी बांधलेले. आमच्या तलावाची पाळ चांगली रुंद, पण वर बेशरम आणि बाभूळ माजलेली. पंचायतीकडं पैसे नव्हते, ठराव होता. रविवारी श्रमदान ठरलं. एकानं ट्रॅक्टर दिला, दोन ट्रॉल्या मुरूम पडला.

त्या रविवारी मापाडी आला. ग्रुपचा म्हणून नाही, गावचा म्हणून. हातात विळा आणि खांद्याला एक पिशवी. दुपारपर्यंत खाली मान घालून बेशरम कापत होता. पाळ मोकळी झाल्यावर पोरं म्हणाली, चारशे मीटरच्या खुणा करून घेऊ, मोटारसायकल आणा. तेव्हा त्यानं पिशवीतून तीस मीटरचा टेप काढला.

'गाडीनं नोको,' म्हणाला. 'मी मोजतो.'

त्याची मोजायची रीत मी जवळून पाहिली. टेपचं एक टोक विटेखाली दाबायचं, ओढत न्यायचं, ताणून खूण करायची, वीट उचलून पुढं. प्रत्येक टेपमागे एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. चिंचोके मोजले की आकडा चुकत नाही, मध्ये कुणी बोललं तरी. तेरा चिंचोके आणि वर दहा मीटर, चारशे झाले. पोरं टाळ्या पिटत पुढं गेली. तो माझ्याजवळ थांबला, चिंचोके तळहातावर घेऊन.

'सर, जुना रस्ता पन्नास चिंचोके अन् वर वीस मीटर भरते.'

मला हिशेब लागायला वेळ लागला. पन्नास गुणिले तीस, दीड हजार. वर वीस. म्हणजे १५२०. आमचे सोळाशे मीटर कधी सोळाशे नव्हतेच. ऐंशी मीटर कमी होते.

जे आम्हाला दिसलं नाही

त्यानं मग सगळं सांगितलं, तिथंच पाळीवर बसून. चंद्रपूरहून परत येताना सगळे चिखलाला बोल लावत होते तेव्हा तो वही उघडून बसला होता. चिखलानं कुणाचे पाच सेकंद जातील, कुणाचे तीस. पण इथं त्याचे स्वतःचे सोळा गेले होते, शिपायाचेही सोळा, आणि आठशेवालीचे नऊ, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. अंतर निम्मं, तोटाही जवळपास निम्मा. 'चिखल असा मोजून थोडीच खाते, सर?' जुलैत एका रात्री, वाहनं थांबल्यावर, तो एकटाच टेप घेऊन रस्त्यावर गेला. दोनदा मोजलं. दोन्हीदा पन्नास आणि वीस.

मोटारसायकलचा मीटर दोन प्रकारे फसवतो. गाड्यांचे मीटर थोडं जास्तीच दाखवतात. शिवाय दशांशाचा आकडा नेमका कुठल्या क्षणी फिरला ते बघूनच सुरुवात करायला हवी, आकड्याच्या अधेमधे सुरू केलं की दहा-पंधरा-पन्नास मीटर तिथंच जातात. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार होतं? मी गणित शिकवतो. दीड वर्ष त्या चुन्याच्या पट्ट्याजवळून रोज गेलो आणि एकदाही विचारलं नाही की हे मोजलं कसं.

'मंग सांगतलं काहून नाही?' पानठेलेवाल्या भाऊंनी विचारलं.

'कसं सांगू? तिचा एक गुण गेला ना भाऊ.'

तर हे कारण होतं. फॉर्म नव्हे. फॉर्मचं त्यानं शिपायाला प्रवेशपत्र आलं त्याच रात्री सांगून टाकलं होतं. शिपायानं आई-बहिणीवरून शिव्या दिल्या, एक धपाटा घातला, आणि सकाळी दोघं एकाच गाडीनं चंद्रपूरला गेले. त्या दोघांपुरतं ते प्रकरण एका रात्रीत मिटलं होतं. आम्ही मात्र ते चौदा महिने शिपायाच्या वतीनं सांभाळत बसलो होतो, आणि शिपायाला याचा पत्ताही नव्हता. दुकानात मापाडी समोर आला की आम्ही ठरवून भरतीचा विषय टाळायचो. त्याला वाटायचं, यांना मापाचं कळलेलं आहे, म्हणून हे असे गप्प आहेत. आमच्या गप्प बसण्याचा त्यानं लावलेला अर्थ आणि आमचा अर्थ, दोन्ही एकमेकांत इतके चपखल बसले की कुणाला शंकाच आली नाही.

दुसऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं त्याला माहीत होतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. तेवढं धैर्य मला अजून आलेलं नाही.

आठशेवाली

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती, पण आठशेवालीनं ती होऊ दिली नाही. तिला त्याच संध्याकाळी कळलं. ती रडली नाही, सरळ भडकली. माझ्या घरी आली आणि अंगणातच उभी राहून बोलली. काही जण तिला समजावत होते की पाय तुझेच होते, अंतर कमी मोजलं म्हणून तू हळू झाली नाहीस, घड्याळ खोटं बोललं एवढंच. तिचं उत्तर मला अजून आठवतं. २:५७ निघतात म्हणजे धावण्याचं काम झालं असं समजून तिनं अख्खा मे महिना गोळ्यावर घातला होता. रोज दोन तास. ३:०६ आहेत हे माहीत असतं तर ते दोन तास तिनं धावण्यावर घातले असते. 'अन् दादाले जुलैत कळलं होतं. मी तं अख्खं सालभर त्याच खोट्या पट्ट्यावर धावून रायली होती, सर. सालभर!'

याला उत्तर नव्हतं. पहिली चूक अजाणता झाली होती, दुसरी जाणूनबुजून. माझ्या मते मापाड्याचा खरा दोष हाच, आणि त्यानं तो कबूल केला. तिनं माफी घेतली नाही. पंधरा दिवस ती पाळीवर यायची, धावायची, त्याच्याकडं न बघता निघून जायची. धावणं सोडलं नाही, हे महत्त्वाचं. सोळाव्या दिवशी तिनं ताईंमार्फत निरोप दिला: पाळ पुन्हा मोजायची, सगळ्यांसमोर, आणि टेपचं एक टोक तिच्या हातात. मोजली. तेरा आणि दहा. तिनं चिंचोके स्वतः मोजले, दोनदा. त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं सुरू झालं, आणि मला वाटतं तेवढंच राहील. सगळ्यांचं सगळ्यांशी गूळपीठ असलंच पाहिजे, असं काही धावायच्या ग्रुपचं नसतं.

पाळीचे तोटे आहेत. सरळ चारशे मीटर असल्यानं तीनदा वळावं लागतं आणि प्रत्येक वळणाला सेकंद जातात. भरतीवाले कुरकुरतात. मापाडी म्हणतो, ग्राउंडवर कमी लागतील, जास्त नाही. चूक झालीच तर या बाजूनं होऊ दे, असं त्याचं आता धोरण आहे. पावसात साप निघतो. वनखात्याच्या माणसानं बजावलंय की नीट दिसू लागल्याशिवाय पाळीवर चढायचं नाही, म्हणून वेळ साडेपाचची केली. मजुरीला जाणाऱ्या दोन पोरांना ती जमत नाही, ती अजूनही रस्त्यावर पळतात, उजव्या कडेनं, पाठीवर रेडियम लावून. यावर तोडगा सापडलेला नाही.

नव्या पोरांना मापाड्यानं पहिल्याच दिवशी जुनी वही दाखवली, चुकीच्या आकड्यांसकट, लाल पेनानं खरे आकडे शेजारी लिहून. भरतीचा एक ग्रुप पुढच्या ग्रुपला आपली चूक देऊन गेला, असं आमच्या गावात पहिल्यांदाच झालं असावं. ते होऊ शकलं, कारण मधल्या वर्षात पानठेल्यासमोर उभी राहायला चार शुगरवाली माणसं होती. त्यांना कुठल्याच मेरिटमध्ये बसायचं नव्हतं.

फॉर्मबद्दल नियम केला नाही. कोण कुठला घटक भरतो, ज्यानं त्यानं बघावं. सांगायचं तर सांगा, नाही तर नका सांगू. पण एक ठरवून मग खोटं वागायचं नाही, असं काकाजी म्हणाले.

दिवाळीत पोलिसांना सुट्टी कुठली. शिपाई दिवाळी उलटून गेल्यावर दोन दिवस घरी आला. पहाटे पाळीवर आला तर केस बारीक, अंगानं भरलेला. पोरांनी कडं केलं. मी त्याला बाजूला घेऊन चौदा महिन्यांचं सांगितलं, आम्ही मापाड्याशी कसे वागलो ते. तो माझ्याकडं बघतच राहिला.

'मी कवा म्हटलं होतं सर तुमाले, त्याच्याशी बोलू नका म्हणून?'

मग वळून ओरडला, 'अबे मापाड्या, हे चारशेच हाय ना?'

मापाड्याच्या आधी आठशेवाली बोलली. 'टोक धरा, मोजून घ्या.'

एक गोष्ट राहिली. मापाडी येत नव्हता त्या चौदा महिन्यांत पानठेलेवाले भाऊ रोज पहाटे दोन मिस्ड कॉल देत होते, हे मला नंतर कळलं. यादीत भाऊंच्या खाली मापाड्याचं नाव होतं. रिंग वाजत राहायची, कुणी कापायचं नाही, मग भाऊ पुढच्या नंबरला कॉल द्यायचे. मी विचारलं, नाव पुसलं का नाही? भाऊ सुपारी कातरत म्हणाले, 'कोनी पुस म्हटलं नाही.' मापाड्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की त्या वेळी तो जागाच असायचा.

शिपायाचंही नाव फळीवर आहे. त्याच्या आधीचा पोरगा म्हणतो, साहेब रोज कापतात.